हिरव्या पानाच्या बारा चादरी

रविवारी दुपारी घरातली सगळी मंडळी लाँड्रीत घड्या घालायच्या टेबलाभोवती बसलेली दिसली, तेव्हाच बाईंनी ओळखलं की आज आपलीच घडी घालायचा बेत आहे. या घराची रीतच तशी होती. चांगलं काही बोलायचं असलं की माणसं वर स्वयंपाकघरात जमत आणि वाईट बोलायचं असलं की खाली लाँड्रीत उतरत. मशीनच्या घरघरीत आवाज चढला तरी गल्लीला ऐकू जात नसे. आज मात्र दोनातलं एकच मशीन फिरत होतं, तेही अर्ध्या पोटी. म्हणजे गल्लीला ऐकू जाणार होतं आणि तरीही ही माणसं बोलणार होती.

"बसा ना आई," धाकटी सून म्हणाली.

"माझ्याच लाँड्रीत मला बसा म्हणतेस, म्हणजे काहीतरी गिळायला लावणार आहेस," बाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

गल्लीत त्यांना कडकबाई म्हणत. नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरं होती आणि हाताशी शेजारणीकडून आणलेला एक टब. त्या टबावर त्यांनी लाँड्री उभी केली आणि लाँड्रीवर दोन मजले चढवले. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला 'चादर पिवळी आली' असं म्हणायची सोय ठेवली नाही. कडक हे नाव चादरींच्या खळीवरून पडलं की बाईंच्या जिभेवरून, यावर गल्लीत दोन तट होते.

टेबलाच्या एका टोकाला थोरला बसला होता. लाँड्री आता तोच चालवायचा. भिंतीला बोलतं करणं सोपं, त्याला अवघड. त्याची बायको, थोरली, बसल्या जागी टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिचे हात रिकामे कुणी पाहिले नव्हते. समोर धाकटा होता, बायको बोलायला लागली की मान हलवायच्या तयारीत. त्या दोघांनी आपला वरचा मजला चार वर्षांपूर्वीच पाहुण्यांना भाड्यानं द्यायला काढला होता आणि स्वतः नव्या इमारतीत राहायला गेले होते. दाराशी स्टुलावर बाईंचे दीर होते. जन्मभर बस चालवून आता मागच्या खोलीत विसावलेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण चहाचा वास त्यांना बोलावण्यासारखाच लागे.

"बुधवारी तपासणी आहे," धाकटी म्हणाली. "आपल्या घराला हिरवं पान मिळतंय का, ते ठरणार."

"घराला पान फुटायला घर म्हणजे झाड आहे का?"

"आई, खोल्यांच्या ॲपवर ज्या घरांच्या नावापुढे हिरवं पान असतं ना, तीच आता सगळ्यांत वर दिसतात. पाणी जपणारी, रसायनं न वापरणारी, गल्लीतल्या लोकांना काम देणारी घरं. आजच्या पाहुण्याला नुसती खोली नको असते. आपण फिरलो तरी कुणाचं वाईट केलं नाही, असं वाटायला हवं असतं त्याला."

"म्हणजे मांजराला दूधही प्यायचंय आणि डोळेही मिटायचेत."

दीर खुसखुसले. "सूनबाई, माझ्या खोलीला पण लावा की एक पान. मी जुना आहे, टिकाऊ आहे, वीज खात नाही, पाणी तर आठवड्यातून दोनदाच अंगावर घेतो."

"भाऊजी, तुम्हाला पान लावलं तर ते वाळून जाईल," बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर धाकटीवरून हलली नव्हती.

त्या नजरेला सहा वर्षांचं वय होतं. धाकटी जाहिरातींच्या कंपनीत. सहा वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या हॉटेलांनी तिच्या कंपनीकडून एक छोटं कार्ड लिहून घेतलं आणि प्रत्येक न्हाणीघरात लावलं. 'टॉवेल दांडीवर ठेवलात तर तो आम्ही धुणार नाही. पृथ्वी आपले आभार मानेल.' ते कार्ड धाकटीनं लिहिलं होतं. त्याला बक्षीस मिळालं आणि ती काचेची बाहुली तिनं हौसेनं याच घरात आणून सगळ्यांना दाखवली. पाहुण्यांनी टॉवेल दांडीवर ठेवले. पृथ्वीनं आभार मानले की नाही ते कळलं नाही, पण हॉटेलांचं धुणं निम्म्यावर आलं आणि वर्षाच्या आत दुसरं मशीन थंड पडलं. घरात त्यावर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. बाईंनी फक्त धाकटीशी मोजून बोलायला सुरुवात केली, तीन शब्दांच्या जागी दोन.

"यात आपल्या लाँड्रीचं भलं आहे, आई," धाकट्यानं मान हलवून झाल्यावर तोंड उघडलं. "आसपास चाळीस घरं पाहुणे ठेवतात. सगळ्यांना पान हवंय. पानासाठी बिनरसायनाचं धुणं लागतं आणि तसं धुणारी लाँड्री जवळपास एकही नाही. आपल्याला घरासाठी आणि लाँड्रीसाठी मिळून एक पान मिळालं, तर चाळीसही घरांच्या चादरी दादाकडे येतील. दोन्ही मशीनं फिरतील."

"आधी चादरी पळवायच्या आणि मग परत आणून दिल्या म्हणून पाया पडून घ्यायचं. छान धंदा आहे."

धाकटी लाल झाली, पण आवाज तिनं खालीच ठेवला. धंद्यात शिकली होती. "लोकांकडे जास्तीचं असतं ते वाटून घ्यायचे दिवस आलेत, आई. ते मी आणलेले नाहीत."

"वाटून घेणं मला शिकवू नकोस. शेजारणीनं मला टब दिला, ते वाटून घेणं. तुम्ही देता ते भाड्यानं. समोरचा शिंपी गेला, कोपऱ्यावरचा चपला शिवणारा गेला. त्यांच्या घरमालकांनी वाटून घेतलं ना सगळं! आता गल्लीत माणसांची पावलं नाहीत, नुसती बॅगांची चाकं वाजतात. यालाच गल्लीतल्या लोकांना काम देणं म्हणतात होय?"

हे खरं होतं आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"आणि तो फोटो," बाई पुढे म्हणाल्या. "माझ्या हातांचा. फोनमध्ये सगळ्या जगाला दाखवलायस. खाली काय लिहिलंस?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं टेबलाकडे.

"या घरातली आजी पाहुण्यांच्या चादरी झाडपाल्याच्या साबणानं स्वतःच्या हातांनी धुते, असं लिहिलंय," थोरली घडी न थांबवता म्हणाली.

बाई चमकल्या. थोरली आपल्या बाजूची, असं त्यांनी आजवर धरलेलं होतं. हिला हे माहीत होतं, म्हणजे हिला कधीचंच माहीत होतं.

"मी? मनगट गेल्यापासून मी रुमाल पिळलेला नाही. हे खोटं आहे."

"गोष्ट आहे, आई," धाकटी म्हणाली. "लोक खोली नाही, गोष्ट विकत घेतात."

"गोष्ट सांगायची तर स्वतःच्या आईच्या हातांची सांग."

आणि मग भिंत बोलली.

"आई, मला कारखान्यातून बोलावणं आलंय," थोरला म्हणाला. मशीनच्या आवाजावर त्याचा आवाज जेमतेम तरंगत होता. "एका मोठ्या लाँड्रीच्या. दुसऱ्या शहरात. सुपरवायझर म्हणून, राहायला जागा देतात. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

टॉवेलाची घडी अर्ध्यावर थांबली. बाईंच्या लक्षात आलं की थोरलीचे हात रिकामे असे दिसतात.

"पान मिळालं तर मी जाणार नाही," थोरला म्हणाला. "नाही मिळालं तरी मी एक वर्ष ओढून बघेन. पण आई, मी एकटा ओढू शकत नाही. घरातलंच माणूस उलट्या बाजूनं ओढायला लागलं तर मी जाईन. बुधवारी तू काही करू नकोस. बोलू नकोस. एवढंच."

चाळीस वर्षांत या पोरानं आईकडे काही मागितलं नव्हतं. आता मागितलं, तर तिनं काही करू नये हे मागितलं. बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "बघते," आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

सोमवारचा दिवस त्यांनी अबोला धरून काढला. थोरला गेला तर मधला मजला रिकामा, मशीनं बंद, आणि या एवढ्या घरात त्या आणि दीर, दोन म्हातारी माणसं एकमेकांची ढेकर ऐकत बसणार. मंगळवारी सकाळी उठल्या त्या ठरवूनच. बाई एखादी गोष्ट ठरवायला वेळ लावत, पण ठरली की मागे फिरत नसत. धाकटीचं काय करायचं ते नंतर बघू. आधी पोरगा घरात राहिला पाहिजे. तपासणीला येऊ दे कुणीही, या घराच्या धुण्यात खोट काढून दाखव म्हणावं.

सकाळीच थोरला माल पोचवायला गेला, थोरली आठवड्याच्या बाजाराला गेली. बाई जिन्याचा कठडा धरत वरच्या मजल्यावर चढल्या. वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं तिथं. दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, कोपऱ्यात मातीच्या कुंड्या, भिंतीवर काहीबाही लिहिलेल्या पाट्या. सगळं नीटनेटकं होतं, थोरलीचा हात कळत होता. मग त्यांनी पलंगावरचं पांघरूण उचललं.

चादर पिवळट होती. नुसती पिवळट नाही, चहाच्या डागाला पाणी लावून पसरावं तशी, आणि तिच्यात बारीक बारीक काळसर ठिपके. बाकीच्या तीन पलंगांवरच्याही तशाच. कपाट उघडलं. तिथं घडी घातलेल्या आठ, त्याही तशाच. बारा चादरी, एकीचं तोंड दुसरीपेक्षा मळकट. त्यांनी नाकाशी धरली. स्वच्छ वास होता. म्हणजे धुतलेल्या होत्या. धुऊन ही गत!

"झाडपाल्याच्या साबणानं दुसरं काय होणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. थोरलीचा राग आला आणि कीवही आली. बिचारी दिवसभर खाली राबते, रात्री वर राबते, हिच्या हातात किती दम राहणार? उद्या ती तपासणीवाली येणार, हे पांघरूण उचलणार आणि या घराचं नाक कापलं जाणार. तेही कशावरून, तर चादरीवरून!

चादरीच्या एका टोकाला कापडाची रुंद पट्टी शिवलेली होती. बाईंनी ती उजेडात धरली. धुण्याच्या खुणा बाईंना तोंडपाठ होत्या. टबाची, इस्त्रीची, 'ब्लीच नको' म्हणणारी त्रिकोणावर फुली मारलेली. तशी खूण असती तर त्यांनी चादर तिथंच ठेवली असती. पण या पट्टीवर खूण नव्हती, नुसती अक्षरं, मुंग्यांची रांग लागावी तशी, चांगल्या सहा-सात ओळी. बाई दोन वर्षं शाळेत गेल्या होत्या. दुकानांच्या पाट्या आणि बसचे आकडे वाचता येत, सही येत होती. एवढ्यावर चाळीस वर्षं धंदा निभावला होता. सहा ओळी लिहिल्यात म्हणजे हीही गोष्टच असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. आता चादरींनाही गोष्टी चिकटवायला लागले.

बारा चादरी तीन खेपांत खाली आणल्या. मशीनला हात लावला नाही. मोठा टब ओढला, ब्लीचचं माप घातलं, मग चादरींचा रंग बघून आणखी अर्धं माप. रसायन म्हणजे त्यांच्या लेखी कारखान्यातलं विष; ब्लीच तर चाळीस वर्षं घरातलंच. मनगटाला फडकं गुंडाळलं आणि काठीनं ढवळायला लागल्या. डोळे चुरचुरत होते, पण त्यांना किती तरी दिवसांनी बरं वाटत होतं.

दीर मागच्या दारातून डोकावले. "वहिनी? आज पुन्हा टबात? फोटोतली आजी खरीच करायला निघालात की काय?"

"खोटं लिहिलंय ना तिनं? मग आपण खरं करून टाकू. पोराला घरात ठेवायचंय ना?" बाई धापा टाकत हसल्या. हसताना त्यांचा पुढचा तुटका दात दिसे, म्हणून त्या एरवी हसत नसत. "उद्या बघा, तपासणीवालीचे डोळे दिपतील. आणि कुणाला सांगू नका. बघू दे एकदम."

ठिपके जाईनात, तेव्हा त्यांनी दुसरं पाणी केलं, मग तिसरं. मग साधं पाणी, मग नीळ, मग खळ. संध्याकाळी थोरली परत येईपर्यंत बाराच्या बारा चादरी गच्चीवर वाळून, कडक इस्त्री होऊन आठ कपाटात गेल्या होत्या आणि चार पलंगांवर चढल्या होत्या. वरून पांघरूण जसंच्या तसं. त्या रात्री बाई मनगट शेकत झोपल्या आणि झोपेत कण्हल्या तरी चेहरा शांत होता.

बुधवारी तपासणीची मुलगी आली. मुलगीच ती, तिशीच्या आतली, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मऊ. धाकटी तिला घेऊन घरभर फिरली आणि मागून धाकटा, थोरला, थोरली, त्यांच्या मागून दीर. बाई सगळ्यांच्या आधी वर जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या. थोरल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, बोलणार नाही म्हणून. थोरला किंचित हसला. ते हसू बाईंनी गाठीला बांधलं.

"आणि हे आमच्या घराचं वैशिष्ट्य," धाकटी पलंगाशी येऊन म्हणाली. तिचा आवाज आता जाहिरातीतला होता आणि त्या आवाजाला बाई कान देत नसत. "या चादरी हातमागावर विणलेल्या आहेत, बायकांच्या गटानं. कापसाचा मूळचा रंग, ना ब्लीच, ना डाय. आमच्या आई झाडपाल्याच्या साबणानं..." आणि तिनं पांघरूण बाजूला केलं.

खोली क्षणभर पांढरीफेक झाली. चादर पाटीसारखी ताठ होती, निळसर झाक मारत होती, आणि तिच्यातून तो वास उठला जो या घरातल्या प्रत्येक माणसानं लहानपणापासून नाकात घेतला होता.

धाकटीचं वाक्य तिथंच राहिलं. थोरलीनं तोंडावर हात ठेवला.

तपासणीच्या मुलीनं चादरीवरून बोट फिरवलं, मग पिशवीतून कागदाची एक बारीक पट्टी काढली, ओली करून चादरीवर दाबली. पट्टीचा रंग बदलला. तिनं ती वहीला टाचली.

"ही तुमची नेहमीची पद्धत आहे?" तिनं मऊ आवाजात विचारलं.

सगळ्यांची वाचा का बसली ते बाईंना कळेना. एवढ्या पांढऱ्या चादरी बघून मुलगी थक्क झाली आणि आपली माणसं मेली लाजतात, असं वाटून त्यांना राहवलं नाही. त्या पुढे आल्या.

"मी स्वतः धुतल्यात," त्या म्हणाल्या. "तीन पाण्यांत ब्लीच, मग नीळ, मग खळ. बाराच्या बारा. एक डाग सापडला तर मला सांग, पोरी. चाळीस वर्षांत कुणाला सापडला नाही."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "खूप मेहनत केलीत, आजी," ती म्हणाली आणि वहीत लिहायला लागली. निघताना तिनं धाकटीला जिन्यात सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. पान मिळणार नाही. जाहिरातीत लिहिलं एक आणि घरात सापडलं भलतंच, अशी नोंद होईल, त्यामुळे दोन वर्षं पुन्हा अर्जही करता येणार नाही. घरासाठी नाही आणि लाँड्रीसाठीही नाही.

खालचं दार लागल्याचा आवाज आला. मग धाकटी वर आली. तिनं पलंगावरची चादर एका झटक्यात ओढली. खळ चरचरली.

"सहा वर्षं!" ती म्हणाली. "सहा वर्षं मनात धरून ठेवलंत ना? एका कार्डापायी? मी तेव्हा पोटापाण्याचं काम केलं, आई. मला कुठं माहीत होतं की तुमचं मशीन बंद पडेल? आणि आता मी ते परत चालू करायला धडपडतेय, तर तुम्ही..."

"हळू," धाकटा म्हणाला.

"का हळू? बदला घ्यायचा तर माझा घ्यायचा होता. दादांच्या पोटावर कशाला पाय?"

बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना हळूहळू उमगत होतं, आणि हळूहळू उमगण्यासारखी वाईट गोष्ट दुसरी नाही. हा मूळचा रंग होता. चादर पिवळटच हवी होती. पिवळटपणाचेच पैसे मोजून आणली होती.

"अहो सूनबाई, ऐका तरी," दीर दारातून म्हणाले. "वहिनी काल मला..."

"भाऊजी, तुम्ही मध्ये बोलू नका," बाई कडाडल्या. दीर दारातून मागे सरले. चाळीस वर्षांची सवय होती.

"इथं लिहिलंय!" धाकटीनं चादरीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "स्पष्ट लिहिलंय. 'या धाग्याला आम्ही रसायनाचा हात लागू दिलेला नाही. कापूस शेतात होता त्याच रंगात तुमच्यापर्यंत आला आहे. कृपा करून त्याला ब्लीच करू नका.' इतकं मोठं लिहिलंय आणि तुम्ही वाचलं नाहीत असं म्हणणार आहात का?"

पट्टी बाईंच्या हातात आली. सगळे बघत होते. 'चष्मा खाली राहिला' हे वाक्य चाळीस वर्षांत शेकडो वेळा कामी आलं होतं. बिलं आली तेव्हा, पोरांच्या शाळेच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा, धाकट्याच्या लग्नाचे कागद आले तेव्हा. ते आताही ओठांवर आलं. पण चष्मा नाकावर होता.

"आई," थोरला म्हणाला. तो त्यांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला होता. "मला फक्त एवढं सांग. मुद्दाम केलंस का? चूक झाली असेल तर तसं सांग. चूक कुणाची होत नाही? मी राहीन. बोललो होतो, एक वर्ष ओढेन."

इतकं सरळ त्यानं विचारलं. दार उघडं ठेवून विचारलं. बाईंना फक्त म्हणायचं होतं, बाबा, मला वाचता आलं नाही. या सुनेसमोर, जिच्या लिहिण्याला बक्षिसं मिळतात. या पोरासमोर, ज्याला 'आईला सगळं कळतं' असं सांगत त्यांनी वाढवला. चाळीस वर्षं ज्या गल्लीनं त्यांना कडकबाई म्हटलं, ती गल्ली उद्यापासून म्हणणार, बिचारी, तिला कुठं वाचता येतं. बिचारी! त्यापेक्षा सूड घेणारी सासू बरी. तिला लोक शिव्या देतात, पण तिच्यासमोर मान खाली घालून देतात.

त्यांनी मान वर केली.

"मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांचे फोटो लावून खोटं विकायला निघाले होते सगळे. मी होऊ दिलं नाही."

थोरल्यानं एकदाच मान हलवली, माल बरोबर मोजून झाल्यावर गिऱ्हाइकाला हलवायचा तशी, आणि जिना उतरून गेला. त्याचा फोनवरचा आवाज खालून आला. हो, येतो. नाही, शुक्रवारची वाट कशाला. एक तारखेला हजर होतो.

थोरली मागे राहिली. बाकीचे गेल्यावर तिनं दार ओढून घेतलं.

"आई, तुम्हाला ती पट्टी..." ती म्हणाली आणि थांबली. "मी सांगू का त्यांना? मी सांगते. ते अजून थांबतील. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर दोन पावलं मागे गेली असती. थोरली हलली नाही.

"काय सांगशील?"

"जे आहे ते."

"काय आहे? बोल की. आहे काय?" बाईंचा आवाज फाटला. "तू माझी दया करणार? माझ्याच घरात? जा, सामान बांध. एक तारीख लांब नाही."

थोरलीचे डोळे भरले. पण ती शेवटी थोरल्याचीच बायको. तीही जिना उतरून गेली. थोड्या वेळानं मधल्या मजल्यावर पेट्या ओढल्याचा आवाज यायला लागला.

संध्याकाळी बाई घड्या घालायच्या टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. मशीन बंद होतं. धाकटी आली. तोंड धुऊन आली होती, डोळे सुजलेले, पण हातात फोन होता आणि बोटं कामाला लागलेली. भांडण संपलं होतं असं नाही. धाकटीला रडायलाही मुदत असते, एवढंच.

"हिरवं आता लिहिता येणार नाही," ती कोरडेपणानं म्हणाली. "मी सगळी जाहिरात नव्यानं लिहिलीय. या वेळी एक अक्षर खोटं नाही. तुम्ही म्हणालात ना, तुमच्या हातांच्या नावावर खोटं विकलं. म्हणून आधी तुम्हाला दाखवतेय. वाचा. काही खटकलं तर आत्ताच सांगा, मी काढून टाकीन. एकदा टाकलं की लगेच मागण्या यायला लागतात."

तिनं फोन बाईंच्या पुढे टेबलावर ठेवला.

पडद्यावर लिहिलं होतं: 'चाळीस वर्षं जुन्या लाँड्रीच्या वर राहा. खळ घातलेल्या, कडक, पांढऱ्याशुभ्र चादरी, आजींच्या पद्धतीनं धुतलेल्या. आता मधला मजलाही पाहुण्यांसाठी खुला. एक तारखेपासून संपूर्ण घर आपलं.'

बाईंनी चष्मा सारखा केला. फोन हातात घेतला. डोळे पहिल्या ओळीवर ठेवले, मग दुसरीवर, मग तिसरीवर, जितका वेळ वाचायला लागतो तितका वेळ. वर पेटीचं झाकण आपटलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "टाक."